चाळीस गुडघ्यांची ताकद

१

बुधवारी सकाळी सव्वादहा वाजता भट्टीवाल्या मामांना निष्काळजीपणाबद्दल कामावरून काढून टाकण्यात आलं. तसा कागद नोटीसबोर्डावर लागला. कागदावर सही होती, सहीखाली तारीख होती आणि तारखेखाली चहाचा कप टेकवल्याचा गोल डाग होता. म्हणजे कागद सर्व बाजूंनी अधिकृत होता.

ही घटना घडलीच नाही.

निदान कारखान्यात सगळ्यांनी तसं ठरवलं. झाडलोट करणाऱ्या मावशी बोर्डापाशी आल्या की डोळे मिटून झाडू लागल्या. डिस्पॅचच्या घाईदादांनी बरोब्बर त्या कागदावर ‘आग लागल्यास काय करावे’ हे पत्रक चिकटवलं. मामांनी पत्रक उचलून खालचा कागद वाचला, नाकावरच्या चष्म्यातून पाहत “चष्मा घरी राहिला वाटतं,” म्हणाले आणि भट्टी चालू करायला निघून गेले. कहर म्हणजे ज्यांनी सही केली त्या मालकीणबाई दुपारी येऊन विचारून गेल्या, “मामा, जेवलात का?”

मामा शनिवारी निवृत्तच व्हायचे होते. एकतीस वर्षांची नोकरी. तीन दिवस थांबले असते तर हार मिळाला असता, आता डाग मिळत होता.

कारखान्याच्या तपासणी खोलीत एक मुलगी काम करायची. प्रत्येक गोष्ट डोळ्याजवळ नेऊन पाहायची तिला सवय, म्हणून तिचं नाव भिंग पडलं होतं. बाईंनी तिला आत बोलावलं. केबिनचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला एक निळा कॅन टेकवलेला होता. त्याला अडखळून भिंग आत गेली, त्यामुळे तिच्या येण्यात जरा जास्तच नम्रता आली.

“माल नापास झाल्याचं कळवलं, तर गिऱ्हाईक विचारतंय, जबाबदार कोण. एक नाव द्या म्हणाले,” बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “भट्टीवर मामा होते. दुसरं कुणाचं नाव देऊ?”

“पण बाई, मामांनी...”

“मला नाही वाटत मामांनी. पण माझ्या वाटण्यावर गिऱ्हाईक शिक्का मारत नाही. तो कागद अजून पाठवला नाहीये. शुक्रवारी दुपारी गाडी लागेल. त्याच्या आत खरं कारण लिहून आण. नाहीतर तो कागद घडला असं धरावं लागेल.”

२

चोरी मोठी विचित्र होती. जागचं काहीच हललं नव्हतं. चाळीस गुडघे होते, चाळीसही जागेवर होते. गेली होती ती त्यांची ताकद.

हे गुडघे म्हणजे कृत्रिम पायात बसणारे ॲल्युमिनियमचे सांधे. प्रत्येकात एक जाड ठोकळा आणि दोन पातळ पट्ट्या. कुठल्यातरी चाळीस माणसांचं पहिलं पाऊल त्यांच्यावर पडणार होतं, आणि गुडघा मऊ निघाला तर पहिलं पाऊल हेच शेवटचं.

सोमवारी मामांनी सगळा माल एकाच जाळीत भरून पाचशे तीस डिग्रीला तापवला आणि टाकीत बुडवला. मंगळवारी तो कमी आचेच्या पेटीत आठ तास मुरायला, म्हणजे एजिंगला, ठेवला. बुधवारी सकाळी भिंगने हार्डनेसच्या मशीनवर गोळी दाबून खड्डे पाहिले. कडकपणाचा आकडा पंच्याण्णव यायला हवा होता. ठोकळ्यांवर अडुसष्टच आला.

तिने मशीनला दोष दिला. मग चष्म्याला. मग स्वतःला. कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे शेवटी ठोकळ्याला दिला. आकडा हलेना.

पट्ट्या मात्र तिने सकाळी दोनच तपासल्या होत्या. बाईंकडून परत आल्यावर तिने ऐंशीच्या ऐंशी मांडल्या आणि एकेक दाबत गेली. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. पंच्याण्णव. शहाण्णव. एकही मऊ नाही.

ती खुर्चीत मागे टेकली. एकच जाळी, एकच भट्टी, एकच टाकी, एकच पेटी. तरी चोराने ऐंशी पट्ट्यांना हात लावला नव्हता आणि चाळीस ठोकळे निवडून लुटले होते.

चोराला फक्त जाड माल आवडत होता.

३

तिने पहिली भेट घेतली ती घाईदादांची. त्यांना घाईदादा म्हणत कारण ते दिवसभर “घाई करा, घाई करा” ओरडत असत, बसल्याजागी. त्यांची बसायची जागा आज नवीन होती. एका निळ्या कॅनवर उशी बांधून त्यांनी सिंहासन केलं होतं.

“कारण काय शोधतेस?” ते हळू आवाजात म्हणाले. “मामांचा गुडघा. भट्टी ते टाकी सात पावलं. पूर्वी पाच सेकंदांत जाळी बुडायची. आता मामा पाय ओढत साखळी खेचतात. वाटेत हवा लागते, माल निवतो, खेळ खल्लास. मी कुणाला बोललो नाही हां. मरेन पण बोलणार नाही.”

“आत्ता बोललात ना.”

“तू कुणी नाहीस, तू तपास आहेस.” ते डोळे पुसू लागले. “माझी बायको अकरा दिवस दवाखान्यात होती. रोज तिच्या उशाशी कुणीतरी धुतलेले कपडे ठेवून जायचं. नर्सला विचारलं तर म्हणे, लंगडत येणारे एक काका. मामांना आभार मानायला गेलो तर म्हणाले, मी? मी तर दवाखान्याला घाबरतो.”

मामांचा तसा नियमच होता. मदत केली की तोंडाला कुलूप. केलेली मदत सांगितली तर ती मदत राहत नाही, जाहिरात होते, असं ते म्हणायचे. एकतीस वर्षांत सगळ्या कारखान्याला ही सवय लागली होती. इथे कुणी कुणाचं काम केलं तर ते चोरासारखं करत असे.

मावशी गेटपाशी एका कापलेल्या निळ्या कॅनमध्ये मनीप्लांट लावत होत्या.

“तपास कसला करतेस गं? आधी त्या टाकीभोवतालच्या फरशीचा तपास कर. सोमवारपासून बुळबुळीत झालीय मेली. जाळी बुडली की टाकी काठावरून सांडते. पुसून पुसून माझा फडका सुद्धा घसरायला लागलाय.”

“आधी सांडायची नाही?”

“कधीच नाही. लाल रेघेच्या वर पाणी चढलं तर मामा जेवत नाहीत.” मावशींनी माती दाबली. “माझा हात भाजला होता ना, तेव्हा महिनाभर मी यायच्या आधीच फरशी लख्ख असायची. मला वाटलं भूतबाधा. एकदा लवकर आले तर भूत एका गुडघ्यावर बसून पोछा मारत होतं.”

“मग?”

“मग काय, मी गुपचूप परत गेले. भुताला लाजवू नये.”

भिंग परत निघाली आणि फाटकातच थांबली. केबिनच्या दाराला एक निळा कॅन. घाईदादांच्या बुडाखाली एक. मावशींच्या मनीप्लांटखाली एक. तिन्ही नवेकोरे, तिन्हींवर पॉलिमरचं लेबल. वीस लिटर.

या कारखान्यात रिकामा कॅन अर्धा तास बेवारस राहत नाही, हे खरं. पण टाकीला आठवड्याला एकच कॅन लागतो.

४

मामा टाकीच्या काठाशी बसले होते. दुखरा पाय समोर लांब केलेला. पायाखाली टेकायला चौथा निळा कॅन.

“मामा, सोमवारी टाकीत काय घातलंत?”

“जे दर सोमवारी घालतो ते. एक कॅन.” त्यांनी बोर्ड दाखवला. शनिवारी दुपारी टाकी मोजून मामा त्यावर खडूने लिहून ठेवत. तिथे त्यांच्या वळणदार अक्षरात होतं: ‘आकडा अकरा. पंधरा हवा. एक कॅन.’

नुसत्या पाण्यात बुडवलं तर ॲल्युमिनियम इतक्या जोरात निवतं की पातळ पट्ट्या उन्हात टाकलेल्या चपलेसारख्या वाकतात. म्हणून पाण्यात पॉलिमर मिसळायचं. त्याचा पातळ पापुद्रा गरम जॉबभोवती, म्हणजे मालाभोवती, बसतो आणि जॉब जरा सबुरीने निवतो. हे भिंगला मामांनीच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. ती नवीन असताना तिने एका चुकीच्या मालाला पास केलं होतं, तेव्हा हेच मामा गेटपर्यंत धावत जाऊन ट्रकसमोर उभे राहिले होते. ड्रायव्हरने कारण विचारलं, तर म्हणाले, “माझा डबा राहिला आत.” ट्रक अख्खा रिकामा करून डबा शोधला. डबा मामांच्या हातातच होता. तोवर भिंगने माल बदलला होता.

“घातल्यावर मोजलंत?”

“कशाने मोजू? दुर्बीण तर तू नेलीस.”

दुर्बीण म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. टाकीतला थेंब काचेवर टाकून उजेडाकडे धरायचा आणि आत डोकावलं की पॉलिमर किती टक्के ते दिसतं.

“मग मी बोटं बुडवली,” मामा म्हणाले. त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. “जाड लागलं गं. तेलासारखं. म्हटलं, असं कसं? मग म्हटलं, बोटं म्हातारी झाली. गुडघा गेला, आता बोटं गेली. माल बुडवला.” त्यांनी मान खाली घातली. “बाईंना सांग, कागद बरोबर आहे. त्यांनी उगाच वाईट वाटून घेऊ नये. चाळीस माणसं पडली असती, पोरी. एवढ्यावर निभावलं हेच उपकार.”

भिंग तशीच मागे फिरली. ती तपासणी खोलीत गेली, दार लावलं आणि टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडला.

आत मऊ फडक्यात गुंडाळलेली मामांची दुर्बीण होती. शनिवारी दुपारी मामांनी आकडा बोर्डावर लिहिला आणि लगेच तिने ती “साफ करून देते” म्हणून नेली होती. साफसफाई हे निमित्त. निरोपाची भेट म्हणून तिला चामड्याची पेटी शिवून घ्यायची होती. मोची म्हणाला सोमवार, मग म्हणाला मंगळवार, मग म्हणाला मोची काय यंत्र आहे का.

अशा रीतीने तपास सुरू झाल्यापासून सहा तासांत भिंगला पहिला गुन्हेगार सापडला. तो तिच्याच खुर्चीत बसला होता.

५

गुरुवारी सकाळी टाकीभोवती सगळे जमले. भिंगने निरोपच तसा दिला होता: ‘आपापला निळा कॅन घेऊन यावे.’ मावशी मनीप्लांटसकट आल्या. घाईदादा उशीसकट आले. बाई कॅन घेऊन आल्या आणि मागे केबिनचं दार धाडकन आपटलं.

“आधी मामांचा गुडघा,” भिंगने सुरुवात केली.

“तो आणलाय,” मामा म्हणाले.

“घाईदादा, उकळतं दूध ताटलीत आधी निवतं की पातेल्यात?”

“ताटलीत.”

“मग मामा सात पावलं चालायला उशीर करतात तेव्हा हवेत आधी कोण निवेल? पातळ पट्टी की जाड ठोकळा?”

घाईदादा विचारात पडले. त्यांना विचारात पडायला वेळ लागतो, पण एकदा पडले की नीट पडतात. “पट्टी. म्हणजे उशीर झाला असता तर पट्ट्या मऊ यायला हव्या होत्या!”

“आणि त्या कडक आहेत. गुडघा निर्दोष. भट्टी थंड असती किंवा एजिंग चुकलं असतं तर दोघांनाही फटका बसला असता. तेही नाही. उरली टाकी.” ती पालथ्या बादलीवर चढली. “लहानपणी आपण स्टॅच्यू खेळायचो, आठवतं? भट्टीच्या आचेत ॲल्युमिनियममधले मिसळलेले कण मैदानभर पोरांसारखे पसरतात. झटकन निवलं की स्टॅच्यू, जो तो जागच्या जागी. मग एजिंगमध्ये त्यांच्या बारीक बारीक टोळ्या होतात, सगळीकडे सारख्या, आणि त्याच धातूला धरून ठेवतात. पण निवणं रेंगाळलं, तर स्टॅच्यू म्हणायच्या आत पोरं कोपऱ्यात घोळके करून बसतात. मैदान मोकळं. धातू मऊ.”

“आणि जाड ठोकळ्याच्या पोटातली उष्णता बाहेर यायलाच वेळ लागतो,” मामा हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा बदलत चालला होता.

“बरोबर. पट्टी कशातही झटकन निवते. ठोकळ्याला टाकीने साथ द्यावी लागते. आपल्या टाकीने ठोकळ्याला दुलई पांघरली. मामा, सोमवारी बोटांना किती वाटलं होतं?”

“सांगण्यासारखं नाही गं.”

“सांगा.”

“पंचवीस,” मामा ओशाळून म्हणाले. “पण पंचवीस कसं असेल?”

भिंगने दुर्बीण काढली, काचेवर थेंब टाकला, उजेडाकडे धरली. मग ती बाईंकडे दिली. बाईंनी एक डोळा मिटला आणि त्यांचा दुसरा डोळा भरून आला.

“सव्वीस,” त्या म्हणाल्या.

मामांनी आपली दोन बोटं समोर धरून पाहिली. हरवलेलं पोर परत आल्यावर आई आधी त्याच्याकडे रागाने पाहते, तसं.

“एका कॅनने टाकी पंधरावर येते,” भिंग म्हणाली. “सव्वीसला चार लागतात. एक मामांचा. राहिले तीन. मी नाव घेत नाही. पण शनिवारी संध्याकाळी टाकीपाशी झाडायला कोण होतं?”

मावशींनी मनीप्लांटच्या आड तोंड लपवलं. “कॅन उचलेना मला. मग्याने ओतलं, दहा मिनिटं लागली. म्हटलं, मामांची कंबर, मामांचा गुडघा... शेवटचा आठवडा आहे, निदान एक सोमवार तरी त्यांना वाकायला लागू नये.”

“मावशी, तुम्हीपण?” घाईदादा ओरडले. “अहो, मी सोमवारी पहाटे येऊन ओतला! त्याच कारणासाठी! बोर्डावर एक कॅन लिहिलेलं पाहिलं, म्हटलं गुपचूप...”

“बोर्ड पुसायचा ना मग!” भिंग म्हणाली.

“पुसला तर मामांना कळलं असतं ना, कुणीतरी मदत केली म्हणून! त्यांचाच नियम!”

आता सगळ्यांच्या नजरा तिसऱ्या कॅनकडे वळल्या. तो बाईंच्या हातात होता.

“रविवारी मी फायली बघायला आले होते, तेव्हा ओतला,” बाई म्हणाल्या. “बाबा गेले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. भट्टी कुठून उघडतात ते माहीत नव्हतं. मामा रोज सकाळी माझ्यासमोर स्वतःशी मोठ्याने बोलायचे: ‘आता आपण हा खटका दाबतो, कारण पंखा आधी चालू व्हायला हवा.’ वर्षभर ते असे वेड्यासारखे बडबडले. मला शिकवतोय असं एकदाही म्हणाले नाहीत.” त्यांनी कॅन खाली ठेवला. “आणि मी त्यांच्या नावाच्या कागदावर सही केली.”

“चौथा गुन्हेगार मी,” भिंग म्हणाली. “तुम्ही तिघांनी कितीही ओतलं असतं तरी मामांनी सोमवारी दुर्बीण लावली असती आणि दोन मिनिटांत पकडलं असतं. ती मी लपवून ठेवली होती. पेटी शिवायला.”

मामांनी एकेकाकडे पाहिलं. त्यांचं नाक लाल झालं होतं. “चार माणसं,” ते म्हणाले, “आणि एकालाही तोंड उघडता आलं नाही?”

“तुमचंच शिक्षण,” चौघं एका सुरात म्हणाली.

“मूर्ख आहात सगळे,” मामा म्हणाले आणि पाठ फिरवून बराच वेळ टाकीकडे बघत राहिले. टाकीत बघण्यासारखं काही नव्हतं. “ॲल्युमिनियम बरं आपल्यापेक्षा. एकदा चुकलं तर परत तापवता येतं. सगळं विसरतं, नव्याने शिकतं. उभे काय राहिलात? टाकी उपसा!”

६

टाकी अर्धीअधिक उपसली, पाणी सोडलं. मामांनी दोन बोटं बुडवली, डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनी पाण्याचा नळ आणखी जरासा सोडायला लावला. “बस. पंधरा.” भिंगने दुर्बीण लावली. पंधरा.

चाळीस गुडघे पुन्हा पाचशे तीस डिग्रीला गेले. जाळी बाहेर आली तेव्हा साखळीला मामांचा हात होता आणि मागून आणखी तीन हात होते, या वेळी सगळ्यांच्या देखत. शुक्रवारी सकाळी एजिंग होऊन निवलेल्या ठोकळ्यांवर भिंगने गोळी दाबली. पंच्याण्णव. शहाण्णव. पंच्याण्णव. पट्ट्याही तशाच, सरळ आणि कडक. दुपारी गाडी लागली आणि घाईदादांनी प्रथमच उभं राहून “घाई करा” म्हटलं.

गिऱ्हाईकाला जबाबदाराचं नाव हवं होतं. बाईंनी चार नावं पाठवली, पहिलं स्वतःचं. कारणाच्या रकान्यात भिंगने लिहिलं: ‘अतिरिक्त कृतज्ञता, अंदाजे साठ लिटर.’ त्यावर उत्तर आलं की हा दोष त्यांच्या यादीत नाही, तरी माल उत्तम असल्याने स्वीकारत आहोत.

बोर्डावरचा कागद मागे घ्यावा असं मावशींनी सुचवलं. बाई म्हणाल्या, “कुठला कागद? जे घडलंच नाही ते मागे कसं घेणार?” आणि आगीच्या पत्रकासकट तो चुरगाळून खिशात घातला. त्यामुळे आग लागल्यास काय करावे हे आता कारखान्यात कुणालाच ठाऊक नाही. मामांना विचारायचं, असं सर्वानुमते ठरलं होतं.

शनिवारी मामांना हार मिळाला, चामड्याची पेटी मिळाली (मोची स्वतः घेऊन आला, लाजून), आणि दुर्बीण पेटीत घालून ते लंगडत गेटबाहेर गेले. पाच मिनिटांनी परत आले. दुर्बीण टाकीच्या खुंटीला अडकवली, म्हणाले, “ही इथली आहे,” आणि रिकामी पेटी छातीशी धरून पुन्हा गेले.

सोमवारी भिंगने टाकी मोजली. दुर्बिणीने आधी, बोटांनी नंतर. बोटांना काहीच कळलं नाही. मग ती टेबलाशी बसली आणि तिने पुढील अर्ज लिहून आवक-जावक नोंदीसह बाईंच्या टेबलावर ठेवला. तो अजून तिथेच आहे, कपाच्या गोल डागासकट.

प्रति,
मा. व्यवस्थापन

विषय: भट्टीवाले मामा यांचे वय कमी करून मिळणेबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मामा यांचे वय शनिवारी साठ झाल्याचे निदर्शनास आले आहे. सदर वय मोजताना कोणतेही प्रमाणित उपकरण वापरलेले नसून, बोटांची तपासणी केली असता ती पूर्ण कार्यक्षम आढळली. अर्जदाराची बोटे अद्याप शिकलेली नाहीत व ती शिकण्यास अंदाजे चार वर्षे लागतील.

तरी मामा यांचे वय साठऐवजी छप्पन्न धरण्यात यावे, हा बदल गेल्या शनिवारपासून लागू करावा, आणि त्यांना याबाबत कोणी विनंती केली हे कळू देऊ नये, ही नम्र विनंती.